सायलेन्सरचं बाळंतपण

हसायचं तेवढं हसा, पण मृणालसमोर हा विषय काढायचा नाही, कबूल? तिला राग येतो म्हणून नव्हे. ती हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून बावळट दिसतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान बावळटपणाचं माप तरी माझ्या हातात राहील.

चेन्नईतलं आमचं पहिलं वर्ष. मोबाइलला अजून बटणं होती, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून येऊन सिरुसेरीच्या आयटी पार्कात चिकटलो होतो. अड्यारला एका जुन्या बंगलीच्या वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. खाली घरमालकीण लक्ष्मीअम्मा. साठीच्या, एकट्या, कपाळावर भस्माची बारीक रेघ, आणि तमिळशिवाय दुसऱ्या भाषेचा एक शब्द नाही. मृणालला आठवा महिना. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं, म्हणून ती माहेरी न जाता तिची आईच पुढच्या पंधरवड्यात येणार होती.

आता अशा वेळी शहाणा नवरा काय करतो? पाळणा बघतो. दुपटी आणतो.

मी स्पोर्ट्स कार आणली!

अहो, जुनीच. लाल, जपानी, जमिनीला चिकटून धावणारी. माझ्याआधी तिचे किती मालक झाले होते देव जाणे. मृणाल जिन्यात उभी राहून तिच्याकडे पाच मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "दारं दोन, माणसं बसणार दोन. आणि आपण होणार तीन. मला टपावर बांधणार का?"

मी ते कानाआड केलं. मला वेगळीच काळजी होती. गाडी दिसायला वाघीण, पण आवाज काढायची शिवणाच्या मशीनचा! गाडीवेड्या लोकांची इंटरनेटवर एक चावडी होती, तिथे मी पडीक असायचो. तिथल्या पंडितांनी निदान केलं : सायलेन्सर बदल. साधा नको, शौकिनांचा घे, स्टेनलेस स्टीलचा. आणि खरा शौकीन असशील तर गॅरेजमध्ये देऊ नकोस, घरीच बसव.

खरा शौकीन! झालं. बंगळूरच्या एका माणसाकडून मी तो चकचकीत सायलेन्सर मागवला. कसा बसवायचा त्याची चौदा पानं ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतली. एग्मोरजवळच्या पुदुपेटेत जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार भरतो, तिथून जॅक आणि लोखंडी स्टँड आणले.

आता इथे मला कथा थांबवून तुम्हाला तमिळचे दोन शब्द शिकवायचेत. तमिळमध्ये नळाला, नळीला म्हणतात 'कोळाय'. आणि बाळाला म्हणतात 'कोळंदै'. नळी कोळाय, बाळ कोळंदै. पाठ झालं? शाब्बास. तुम्हाला दहा सेकंदांत जे जमलं ते मला चार महिन्यांत जमलं नव्हतं.

का जमलं नव्हतं, तेही ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर नळाला पाणी यायचं करंगळीएवढं. मी रोज सकाळी बादली घेऊन खालच्या पंपावर जायचो. रोज त्या वेळी अम्मा अंगणात रांगोळी काढत असायच्या. रोज त्या वर बोट दाखवून काळजीने विचारायच्या, "कोळंदै एप्पडि इरुक्कु?" बाळ कसं आहे!

हातात बादली, बोट वर. मी काय समजणार? मी समजलो, नळ कसा आहे विचारतायत. मी रोज मान हलवून सांगायचो, "कोंजम कोंजम." थोडं थोडं येतंय.

बिचाऱ्या अम्मा! त्यांनी ते ऐकून मृणालला मिरीचं रसम पाठवायला सुरुवात केली. मला वाटे, नळाला पाणी नाही म्हणून सहानुभूती!

तर असा माझा तमिळचा पक्का पाया. कोळंदै म्हणजे नळी. शंकाच नाही.

त्या रविवारी सकाळी मी जुना बनियन घालून, पाना-हातोडीची पेटी घेऊन खाली उतरलो. अम्मा अंगणात होत्या. म्हटलं, आज यांच्या घरात ठोकाठोक होणार, आधी कानावर घालावं. शेजारधर्म हो!

"अम्मा," मी छाती फुगवून म्हणालो, "इन्निक्कि पुदु कोळंदै वरुम!" आज नवीन नळी येणार!

अम्मांच्या हातातून रांगोळीची वाटी पडली. "इन्निक्केवा?" आजच?

"आमा, आमा! इन्निक्के!" हो हो, आजच.

मग त्यांनी काहीतरी भराभर विचारलं. त्यातला मला एकच शब्द कळला, डॉक्टर. आता आमच्या नाक्यावर जे गॅरेज होतं ना, त्याची पाटी होती 'कार डॉक्टर'. मी ताडकन हात उडवला.

"डॉक्टर वेण्डाम! डॉक्टर वेस्ट! नाने पण्रेन. वीट्टिलेये!" डॉक्टर नको, डॉक्टर बेकार, मीच करतो. घरातल्या घरात.

अम्मा माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना धीर यावा म्हणून मी बगलेतली चौदा पानं काढून दाखवली. "बुक इरुक्कु," मी म्हटलं. पुस्तक आहे माझ्याकडे. आणि पेटी उघडून हत्यारंही दाखवली. मोठा पाना. पक्कड. हातोडी.

हातोडी बघून अम्मांनी भिंत धरली.

मला वाटलं, काय कौतुक आहे हो यांना माझं!

बंगलीच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती, लाकडी दाराची. गाडी तिथे उभी. मी जॅक लावला, स्टँड ठेवले, आणि खाली शिरतोय न शिरतोय तोच रस्त्यावरचे दोन गृहस्थ येऊन दारात उभे राहिले. एक म्हणाला जॅक चुकीचा लावलाय, दुसरा म्हणाला गाडीच चुकीची घेतलीय. मी त्यांना नमस्कार करून बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. ही कडी लक्षात ठेवण्यासारखी होती, पण मी विसरलो.

तिकडे अम्मांनी काय केलं, ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. आधी त्या शेजारच्या गोविंदरावांकडे धावल्या. गोविंदराव म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, तंजावरकडचे जुने मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले, मराठी जुनी, सूर तमिळ. अम्मांचं आणि आमचं बोलणं एकमेकांना कळायचं ते त्यांच्यामुळेच. पण गोविंदराव नेमके जॉर्ज टाउनला खरेदीला गेलेले. नशीब म्हणतात ते हे.

मग अम्मा गेल्या समोरच्या स्टेला सिस्टरकडे. सिस्टर म्हणजे प्रसूतीच्या कामातच आयुष्य घालवलेली नर्स. एग्मोरच्या एका इस्पितळातून निवृत्त झालेल्या, पण आवाजाला निवृत्ती नव्हती. अम्मा त्यांना म्हणाल्या, वरचा पुण्याचा वेडा पुस्तक वाचून बायकोचं बाळंतपण करणार आहे, हातोडी घेऊन!

दोघी आमच्याकडे वर गेल्या. मृणालची पाठ नेहमीप्रमाणे दुखत होती. अम्मांनी पाठीला हात लावून विचारलं, मृणालने तिला येणारा एकमेव तमिळ शब्द वापरला, "आमा." हो.

सिस्टरांनी नाडी बघितली, पोटाला हात लावून बघितला, म्हणाल्या अजून वेळ आहे. पण अम्मांचं समाधान होईना. त्यांनी जिऱ्याचा काढा पाजला, केसांना तेल चोळलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या. आणि आमची बाई काय समजली? इकडचं डोहाळजेवण! ती हे सगळं मजेत करून घेत होती. वर मला सांगते, "इतके लाड तर माझ्या आईनेही केले नव्हते."

मग सिस्टर घरी चहा प्यायला गेल्या. अम्मा खाली आपल्या स्वयंपाकघरात पाणी तापवायला. का, ते विचारू नका. त्यांची पाठ वळताच मृणाल तेल धुवायला न्हाणीघरात शिरली.

इकडे मी गाडीखाली. समुद्राची हवा, सगळे बोल्ट गंजून एकजीव झालेले. पुस्तकात लिहिलं होतं, 'बोल्ट सहज सैल होतील.' लिहिणाऱ्याच्या गाडीचे झाले असतील! दीड तास झुंजून मी ते काढले. मग जुनी नळी ओढली. ही नळी मागच्या चाकांच्या आसावरून नागमोडी जाते. अर्धी सुळकन खाली आली, अर्धी आसावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आणि तो गंजका सायलेन्सरचा डबा बरोब्बर माझ्या छातीवर! हात सोडला तर डबा छाताडावर बसणार. धरून ठेवला तर मला हलता येईना.

मदतीला हाक मारायलाच हवी होती. आणि मला भाषा येत होतीच!

"अम्मा!" मी ओरडलो. "कोळंदै वेळिये वरलै!" बाहेर येत नाहीये!

अम्मांच्या स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज.

"पादि वंदुच्चु! पादि वरलै!" अर्धं आलंय! अर्धं येत नाहीये!

अम्मा जिना चढून आमच्या घरात गेल्या. मृणाल नाही. गादी रिकामी. खाली शेडचं दार आतून बंद, आणि आतून माझं कण्हणं नि लोखंडाचा खणखणाट. तुम्हीच सांगा, कुणीही काय समजेल?

गाडीखालून मला दाराच्या फटीतून फक्त पाय दिसत होते. आधी अम्मांचे. मग स्टेला सिस्टरांच्या पांढऱ्या चपला. मग इस्त्रीवाल्याचे. मग रिक्षावाल्याचे. मग इतके पाय, की मी मोजायचं सोडलं. मला भरून आलं हो! म्हटलं, एका परक्या माणसाच्या सायलेन्सरसाठी अख्खी गल्ली!

"ओपन द डोअर!" सिस्टर गरजल्या.

"कान्ट, सिस्टर! माझे हात गुंतलेत!" हे मी इंग्रजीत सांगितलं.

"डोंट पुल! डोंट पुल! हाऊ मच इज आउट?"

मी चाट पडलो. नर्सबाईंना गाड्यांतलंही कळतं! "हाफ, सिस्टर!"

"व्हिच एंड?"

"बॅक साइड!"

बाहेर एक लांब "अय्यो" उमटलं. सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "व्हाय नो साउंड फ्रॉम हर?"

आता गाडीला आम्ही शौकीन लोक 'शी'च म्हणतो, 'हर'च म्हणतो. मी मोठ्या अभिमानाने ओरडून सांगितलं, "आय स्विच्ड हर ऑफ, सिस्टर!"

बाहेर कुणीतरी बाई किंचाळली.

"एण्णै!" मी म्हटलं. "एण्णै कुडुंगो!" तेल द्या, तेल! म्हणजे नळी ज्या रबरांवर टांगलेली असते त्यांना चोळलं की ती सुटेल.

तेल नाही आलं. आली धडक! रिक्षावाला आणि इस्त्रीवाला दोघांनी मिळून दाराला खांदा दिला. पहिल्या धडकेत कडी वाकली. दुसऱ्या धडकेने शेड हादरली, गाडी हादरली, आणि त्या हादऱ्याने अडकलेली नळी आसावरून सटकली नि अख्खीच्या अख्खी माझ्या मिठीत आली.

दार सताड उघडलं. मी सरपटत बाहेर आलो. तोंड काजळीने काळं, बनियन फाटलेला, छातीशी घट्ट धरलेला गंजका सायलेन्सर. आणि चेहऱ्यावर, मृणाल म्हणते, अगदी बापाचा आनंद!

"वंदुच्चु!" मी म्हणालो. आलं! "कोळंदै वंदुच्चु!"

दारात पंधरा-वीस माणसं. कुणाच्या हातात गरम पाण्याचं पातेलं, कुणाच्या हातात धुतलेलं लुगडं. रिक्षावाल्याने सीटवर चादरसुद्धा अंथरून ठेवली होती. सगळे माझ्या हातातल्या सायलेन्सरकडे बघत होते.

एवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "काय झालं? कुणाला लागलं का?" डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, हातभर हिरव्या बांगड्या घातलेली आमची मृणाल!

अम्मा धावत गेल्या. त्यांनी तिचा चेहरा चाचपला, पोट चाचपलं, आणि पायरीवरच बसून ढसाढसा रडायला लागल्या. मृणालला कळेना का, पण ती पण रडायला लागली. मी सायलेन्सर घेऊन उभा. खाली ठेवावा की नाही, तेही सुचेना.

तेव्हा गर्दीतून गोविंदराव आले, दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. आधी अम्मांचं ऐकून घेतलं, मग सिस्टरांचं. पिशव्या खाली ठेवून चष्मा पुसला.

"सकाळीं आपण अम्मांस काय बोललांत, तें एकदां जसंच्या तसं सांगा पाहूं."

मी सांगितलं. शब्दन्‌शब्द. गणिताच्या मास्तरांसमोर चुकलेलं उदाहरण वाचून दाखवावं, तसं.

गोविंदरावांचे ओठ थरथरले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "अहो, नळीस कोळाय म्हणतात. कोळंदै म्हणजे लेंकरूं! आज नवं लेंकरूं येणार, वैद्य नको, मीच काढतों, पोथी आहे, हत्यारं आहेत, असं बोललांत आपण. अर्धं बाहेर आलं म्हणून आरोळी मारलीत. आणि आईस बंद करून ठेविलें म्हणालांत!"

त्यांनी हेच तमिळमधून सांगितलं, आणि मग गल्ली जी हसायला लागली! इस्त्रीवाला खाली बसला. स्टेला सिस्टर गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होत्या. मृणालचं तर विचारू नका. तिला हसताना बघून सिस्टरच ओरडल्या, "नो नो, नॉट सो मच लाफिंग, फॉर यू नॉट गुड!"

एकट्या अम्मा हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि मला झापायला सुरुवात केली. दहा मिनिटं झापलं असेल. मी गोविंदरावांकडे बघितलं.

"पुष्कळ बोलल्या," ते हळूच म्हणाले. "सगळं सांगत नाहीं. शेवटचं तेवढं सांगतों. म्हणतात, तिची आई इथें नाहीं. ती येईतों मी आहें."

काजळी लागली होती म्हणून बरं, नाहीतर माझा चेहरा लोकांना दिसला असता. मी सायलेन्सर खाली ठेवला आणि अम्मांच्या पाया पडलो. त्यांच्या पायांवर माझ्या हाताचे दोन काळे ठसे उठले. त्याबद्दल आणखी पाच मिनिटं झापलं.

गर्दी पांगली. उरला नवा सायलेन्सर. तो तर बसवायला हवा होता! मी पुन्हा खाली शिरलो, आणि पुन्हा तेच. नळी आसावर अडकली. मी ढकलतोय, ओढतोय. सिस्टर दारातच होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग पदर खोचला, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी जमिनीवर वाकल्या.

"पुल नाही, पुश नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "टर्न. हळू टर्न." अम्मांनी आणलेलं एरंडेल त्यांनी रबरांना चोळलं, नळीचं तोंड धरलं, मनगट असं अलगद फिरवलं, आणि ती चौदा पानं ज्यासाठी लिहिली होती ते काम अर्ध्या मिनिटात झालं!

हात पुसत त्या म्हणाल्या, "आयुष्यभर बाहेर काढली. आत घालायची ही पहिलीच वेळ."

मी बोल्ट आवळले आणि गाडी चालू केली. अहाहा! काय ती डरकाळी! पत्रे थरथरले, कावळे उडाले, गोविंदरावांनी कानांवर हात ठेवले. अम्मा दारातून काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मी इंजिन बंद करून विचारलं. म्हटलं, आता घर सोडायला सांगणार.

गोविंदराव म्हणाले, "म्हणतात, रडणं खणखणीत आहे. बाळसं धरील."

पुढे महिन्याभराने मृणालला खरोखरच कळा लागल्या. तिची आई आलेली होती, अम्मा होत्या. त्या दोघींनी मला गाडीच्या किल्लीला हातही लावू दिला नाही. रिक्षानेच आम्ही एग्मोरला पोचलो, स्टेला सिस्टरांच्या जुन्या इस्पितळात. मृणालला आत नेलं. मी काउंटरवर कागद भरले, नाव लिहिलं, पत्ता लिहिला.

काउंटरवरच्या नर्सने पत्ता वाचला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन आणखी दोघींना बोलावून आणलं. तिघींनी मिळून माझ्याकडे नीट बघून घेतलं. त्यांतली वयाने मोठी होती ती पुढे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आजारी माणसाशी बोलावं तसं अगदी हळुवार म्हणाली,

"सर, या वेळी आम्ही करतो हं. तुम्ही बसा."

बसलो.